खाच कुठल्या अंगाला

भिंगरीनं ती दोन पाती वर्कशॉपच्या बाकावर आणून ठेवली तेव्हा माझ्या हातात पॉलिशचं फडकं होतं आणि दादाच्या हातात काहीच नव्हतं. तो खुर्चीच्या एका पायाकडे बघत बसला होता. खुर्चीच्या पायात बघण्यासारखं असतं काय? पण कित्येक महिने माझा भाऊ असाच बसायचा आणि कुणी आत आलं की घाईघाईनं कानस उचलायचा.

"बाबा, ही माझी पाती," भिंगरी म्हणाली. "आईनं कपाटावर लपवली होती, जुन्या चादरीत गुंडाळून. मला काय सापडणार नाहीत?"

दादानं कानस उचलली.

भिंगरी म्हणजे दादाची एकुलती एक मुलगी, माझी भाची. खरं नाव चांगलं भारदस्त आहे, पण लहानपणी एका जागी म्हणून ठरत नसे, तेव्हा मी हे नाव ठेवलं आणि तेच चिकटलं. ती तिरंदाजी करते. तिचं धनुष्य तीन तुकड्यांत सुटं होतं. वर आणि खाली दोन लवचिक पाती, आणि मध्ये हातात धरायचा लाकडी दांडा, त्याला बोल्टनं ती पाती जोडायची. मैदानावरची माणसं दांड्याला रायझर म्हणतात आणि पात्यांना लिंब. लिंब म्हणे! आम्ही सुतार माणसं, आम्ही पाती म्हणतो. पाती कारखान्यातच होतात, ते घरी करायचं काम नव्हे. रायझर मात्र चांगल्या सुताराला जमतो, आणि माझा भाऊ चांगला सुतार आहे. तिचा पहिला रायझर त्यानंच केला होता आणि तोच मोडला. पात्यांना ओरखडासुद्धा आला नाही. भिंगरीचा उजवा डोळा गेला.

हे मी इथे सरळ सांगून टाकलं. घरात हे वाक्य कुणी उच्चारत नव्हतं. "डोळ्याचं ते झालं तेव्हापासून", "डोळ्याचं बरं वाटलं की", असं काहीतरी अर्धवट बोलायचं आणि दुसऱ्या विषयाकडे वळायचं.

झालं ते असं. दादाकडे अक्रोडाची एक फळी होती. झाडाला जिथे फांदी फुटते त्या बेचक्यातली. तिथलं लाकूड चिरलं की आतून अशी काही नक्षी निघते की हात लावायला जीव होत नाही. आमच्या धंद्यात कपाटाच्या दाराला असली फळी मिळाली तर गिऱ्हाईक दोन पावलं मागं सरून बघत राहतं. पण कपाटाचं दार नुसतं उभं असतं. धनुष्याच्या दांड्यावर दर बाणाला सगळा ताण येतो, आणि बेचक्यातल्या लाकडाच्या रेषा आडव्यातिडव्या गेलेल्या असतात. रेषा आडवी गेली की लाकूड तिथे दगा देतं. दादाला हे माहीत नव्हतं असं नाही. खुर्चीच्या पायाला त्यानं असलं लाकूड जन्मात लावलं नसतं. पण लेकीसाठी करताना त्याला वाटलं, घरात जे सगळ्यात देखणं आहे ते तिला द्यावं. ती फळी त्यानं वर्षानुवर्षं कुणाला विकली नव्हती. रायझर तयार झाला तेव्हा तो उशाशी घेऊन झोपायचा तेवढा बाकी होता.

मैदानावर एके सकाळी दोरी गालापर्यंत ओढलेली असताना टक् असा आवाज आला, एवढं भिंगरीला आठवतं. मुठीच्या वर दांडा तुटला आणि वरचा तुकडा पात्यासकट तिच्या तोंडावर आला.

दोन शस्त्रक्रिया झाल्या. डॉक्टरीणबाई शेवटी म्हणाल्या, "उजेड-अंधार कळेल, पण त्यापलीकडे आता काही होणार नाही." दादानं त्या वाक्याचं पहिलं अर्धंच घरी आणलं. उजेड कळतो. शेजारी विचारायचे, "कसं काय?" की हा म्हणायचा, "उजेड कळतो तिला." जेवताना मध्येच भिंगरीला विचारायचा, "खिडकी कळते ना?" ती म्हणायची, "कळते बाबा," आणि ताटातलं संपवायची.

आणि आम्ही सगळे त्याचं सांत्वन करत होतो. तुझी काय चूक? लाकडाच्या पोटात काय आहे ते कुणाला दिसतं? नशिबात होतं ते झालं. वहिनी म्हणायची, मी म्हणायचे, लाकडाच्या वखारीतला माणूसही म्हणायचा. दादा मान हलवायचा. आम्हाला वाटायचं माणसाला धीर देतोय. तो मात्र दिवसेंदिवस वाळत चालला होता. मोठी कामं घेणं त्यानं बंद केलं. नव्या लाकडाला करवत लावायची वेळ आली की त्याला काहीतरी दुसरं आठवायचं.

भिंगरीचं उलट. एका डोळ्यानं जवळ-लांबचा अंदाज चुकतो. पाणी ओतताना धार भांड्याच्या बाहेर जायची, मग ही हसून म्हणायची, "फरशीलाही तहान लागते." जखम भरल्यावर ती परत मैदानावर जायला लागली. क्लबात एक डाव्या हाताचं धातूचं धनुष्य होतं, त्यावर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. आता धनुष्य उजव्या हातात, दोरी डाव्या हातानं ओढायची आणि नेम डाव्या डोळ्यानं. तिला शिकवणारे सर म्हणाले की खांदा तयार व्हायला वेळ लागला, पण आता जमतंय.

"डाव्या हाताचा रायझर करायचाय," भिंगरी त्या दिवशी बाकाशी उभी राहून म्हणाली. "पाती तीच चालतात. त्यांना डावं-उजवं नसतं."

"बघू," दादा म्हणाला.

आमच्या घरात "बघू" म्हणजे नाही. भिंगरीला ते जन्मापासून माहीत आहे.

"बघू नका. करा. क्लबचं धनुष्य माझ्या हाताला बसत नाही, मनगट दुखतं. सर म्हणतात बाहेरून मागव. मला नकोय बाहेरचा."

"बाहेरचा चांगला असतो. कारखान्यातला. तपासून देतात."

"मला तुमचा हवाय," ती म्हणाली आणि पाती तशीच ठेवून निघून गेली.

तिनं दुसऱ्याकडून रायझर आणला असता तर हा माणूस पुन्हा रंध्याला हात लावणार नव्हता. हे तिला कळत होतं आणि मलाही. वहिनीला हे पटवायला गेले तर तिनं मलाच धारेवर धरलं.

"वन्सं, तुम्ही तरी शहाण्यासारखं बोला. एक डोळा घेऊन पोट भरलं नाही का त्या धनुष्याचं? आता तिच्याकडे एकच राहिलाय. आणि तो कुणाच्या भरवशावर द्यायचा? ह्यांच्या?"

शेवटचा शब्द तिच्या तोंडून गेला आणि तिनं जीभ चावली. मग आम्ही दोघी बराच वेळ भाजी निवडत बसलो.

पाती आठवडाभर बाकावर पडून होती. दादा त्यांच्या कडेकडेनं काम करायचा. मग एका सकाळी मी आले तर आतून कडाकड आवाज येत होता. दादा पट्ट्या मोडत होता. ज्या पांढरट, सरळ रेषांच्या लाकडाचे आम्ही खुर्च्यांचे पाय करतो, त्याच्या बोटभर रुंद पट्ट्या कापून, एकेक शिकंज्यात धरून हातानं वाकवत होता, मोडेपर्यंत.

"हे काय चाललंय?"

"बिस्किटासारखी तुटली की ती फळी बाद," तो माझ्याकडे न बघता म्हणाला. "दोरखंडासारखी चिंध्या होत, कुरकुरत तुटली की ठेवायची."

बाकाखाली बिस्किटांचा ढीग झाला होता. अख्ख्या साठ्यातून त्याच्या मनाला एकच फळी आली. तीही अशी की तिच्याकडे कुणी वळून बघणार नाही. ना नक्षी, ना रंग. मला तर पॉलिश करायला काही शिल्लकच नव्हतं. पण माझ्या जिवात जीव आला होता.

त्या फळीच्या एका तुकड्याचे त्यानं पातळ थर केले. प्रत्येक थराच्या रेषा मापून बघितल्या, एकाच्या रेषा किंचित इकडे झुकत असतील तर त्यावरचा तिकडे झुकणारा लावला, मधोमध काळ्या फायबरची पातळ पट्टी घातली. दोन डब्यांतला गोंद कालवून सगळं एकावर एक चिकटवलं आणि वर्कशॉपमधले होते नव्हते तेवढे क्लॅम्प त्या एका ठोकळ्याला लावले. माझ्या एका टेबलाची फळी तशीच सुटी पडली. मी विचारलं, "मी कशानं आवळू? पदरानं?" दादा हसला. किती दिवसांनी हसला होता.

पाती जिथे बसतात तिथला उतार नेमका हवा, नाहीतर धनुष्य ओढायला जड जातं किंवा ताणच धरत नाही. तो उतार जुन्या रायझरवर होता. जुन्या रायझरचे दोन तुकडे बाकाखालच्या पोत्यात होते, हे मला तेव्हा कळलं. मला वाटलं होतं केव्हाच जाळले असतील. दादानं ते बाहेर काढले. माझं पॉलिश अजून चकचकत होतं. कोनमाप लावून त्यानं उतार घेतला, खात्री करायला पुन्हा घेतला, आणि तुकडे आत टाकून पोत्याचं तोंड सुतळीनं आवळून बांधलं. मग दुपारपर्यंत अवजारांना धार लावत बसला.

पण काम पुढे जात होतं. ठोकळ्याला दोन्ही टोकांना भोकं पाडून त्यात बोल्टसाठी पितळी आटे बसवले. पाती लावून टोकापासून टोकापर्यंत सुतळी ताणली, ती ठोकळ्याच्या मध्यरेषेवरून जाते की नाही ते बघितलं. सूतभर सरकली होती. त्यानं कानशीनं एका बाजूचा उतार दोन-दोन हात मारून उतरवला, पुन्हा बघितलं, पुन्हा मारले. भिंगरी मैदानावरून येताना डोकवायची. "झालं का?" "होतंय." हे संभाषण रोजचं, पण तेवढ्यानंही दादा जेवायला लागला. वखारवाल्याशी ओल्या लाकडावरून भांडला. वहिनीनं एकदा विचारलं, "कसं चाललंय त्यांचं?" मी म्हटलं, "माणसात येतोय तुझा नवरा." त्या दिवसापासून ती दुपारचा डबा स्वतः घेऊन यायला लागली आणि दारातूनच देऊन जायला लागली.

आता राहिली होती खाच.

रायझरला मुठीच्या वर एका अंगाला खाच पाडावी लागते. त्या खाचेत बाण टेकतो आणि तिथूनच नेम बघायचा असतो. उजव्या डोळ्यानं नेम धरणाऱ्याला ती खाच डाव्या अंगाला लागते आणि डाव्या डोळ्यानं धरणाऱ्याला उजव्या. खाच पाडेपर्यंत ठोकळा दोन्ही हातांचा असतो. एकदा पाडली की तो एकाच हाताचा झाला, मग ब्रह्मदेव आला तरी फिरवता येत नाही. दादाकडे पहिल्या वेळचा, आकार आखून घ्यायचा प्लायवुडचा फर्मा होता, त्यावर त्याच्या अक्षरात "वर" असं लिहून बाण काढलेला. तो फर्मा उलटा ठेवायचा, एवढंच काम.

"आज मला एकट्याला करू दे," दादा म्हणाला. मला एका घरी जेवणाचं टेबल पॉलिश करायला जायचंच होतं. मी गेले.

दुपारी परत आले तर दादा केर काढत होता. रायझर बाकावर होता. खाच पाडलेली, मूठही कच्ची कापलेली. दिसायला साधा, पण हातात घेतल्यावर भरीव, नीट तोललेला. मी काचपेपर घेऊन बसले आणि सवयीनं आधी सगळीकडून खिडकीच्या उजेडात धरून बघितला. पुसलेली पेन्सिलीची रेघ पॉलिशखाली उठून दिसते, त्यामुळे ती आधी शोधायची माझी जन्माची खोड आहे. रेघ सापडली. उजव्या अंगाला होती, अख्ख्या खाचेच्या आकाराची, नीट काढलेली आणि नीट खोडलेली.

खाच डाव्या अंगाला होती.

"दादा, ही खाच कुठल्या अंगाला पाडलीस?"

"कुठल्या म्हणजे? असते तिथे."

"हे उजव्या हाताचं धनुष्य झालं."

तो केर काढत राहिला. "फर्मा जुना होता. चुकून तसाच ठेवला गेला असेल."

"चुकून? मग ही पुसलेली रेघ काय उंदरानं काढली? आधी बरोबर आखलंस. मग खोडलंस."

त्यानं केरसुणी भिंतीला टेकवली. माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो, पण त्याचा चेहरा बघून तोही क्षणभर थबकला.

"उजेड कळतो तिला," दादा म्हणाला. "उजेड कळतो म्हणजे मुळापासून गेलेला नाही. उद्या काही नवीन उपचार निघाला तर? रोज काहीतरी निघतं. मी करवत लावली होती गं उजव्या अंगाला. लावली होती. पण ती एकदा आत गेली की संपलं. मग बापानंच ठरवल्यासारखं झालं."

"आणि आत्ता ती येईल तेव्हा काय सांगणार आहेस? डोळा परत येईपर्यंत भिंतीला लटकव म्हणून? सगळं मैदान तिला डाव्या हातानं शिकवतंय आणि तिचा बाप..."

"तू ओरडू नकोस."

"मी ओरडणार! एवढ्या पट्ट्या मोडल्यास, एवढे थर लावलेस, ते कशासाठी?"

मी फडकं फेकलं. ते गोंदाच्या डब्यात पडलं, म्हणजे माझंच नुकसान. तेवढ्यात भिंगरी आत आली.

तिनं आमच्याकडे बघितलंच नाही, सरळ बाकाकडे गेली. "झाला?" म्हणत तिनं रायझर उचलला. हातात घेताच कळलं तिला. तिचा अंगठा खाचेवरून वरपर्यंत गेला आणि तिथेच थांबला. मला वाटलं आता ही आदळआपट करणार, आणि खरं सांगते, मला ती हवी होती. तिनं काही केलं नाही. बाकावरची पाती घेतली आणि एकेक बोल्ट आवळायला लागली.

"मूठ अजून घासायची आहे," दादा म्हणाला. त्याचा आवाज त्यालाच ओळखू आला नसता.

"असू दे."

तिनं दोरी चढवली. मग उभी राहिली, पूर्वी उभी राहायची तशी. धनुष्य डाव्या हातात, दोरी उजव्या हाताच्या बोटांत. त्या अंगानं तिला उभी राहिलेली मी डोळा गेल्यानंतर पहिल्यांदा बघत होते.

"ओढू नकोस!" दादा पुढे झाला. "आधी मी ओढून बघतो. मी बघितल्याशिवाय तू तोंडाजवळ न्यायचं नाही."

"बाण नाहीये, बाबा. तुम्ही समोर उभे राहा. त्या फळ्यांपाशी."

"भिंगरे, थांब गं," मी म्हटलं.

"तू मध्ये पडू नकोस, आत्या."

दादा फळ्यांपाशी जाऊन उभा राहिला. त्याच वेळी दारात वहिनी आली, हातात डबा. तिनं धनुष्य बघितलं, मुलीचं तोंड बघितलं, आणि डबा छातीशी घट्ट धरला.

भिंगरीनं दोरी ओढली. पाती वाकली. आम्ही तिघंही त्या एका आवाजाची वाट बघत होतो. लाकूड बोललं नाही. दोरी गालाला लागली. मग तिनं डावा डोळा मिटला.

"बाबा, एक हात वर करा."

दादानं हात वर केला.

"केलात? कुठला केलात?"

दादानं हात आणखी उंच केला.

"मला माहीत नाही. वर केलात की नाही तेही माहीत नाही. तुम्ही आहात की फळ्या आहेत, कळत नाही. दार कुठे आहे तेवढं कळतं." ती थांबली. "उजेड कळतो."

बाण नसताना दोरी सोडली तर धनुष्य फुटू शकतं. तिनं सोडली नाही. हळूहळू, खांद्यावर सगळं ओझं घेत तिनं ती परत आणली, धनुष्य खाली घेतलं आणि डावा डोळा उघडला. दादाचा उजवा हात अजून वर होता.

"तुझा डोळा माझ्यामुळे गेला," दादा म्हणाला.

त्यानं ते तोंडातून काढल्याबरोबर आम्ही दोघी पुढे सरसावलो. "अहो, असं काय बोलता," वहिनीनं सुरू केलं. "दादा, तुझी काय चूक," माझ्या ओठांवर आलंच होतं. तयारच असायचं ते, घडी करून ठेवलेलं.

"हो," भिंगरी म्हणाली.

आम्ही दोघी होतो तिथेच थांबलो.

"हो, बाबा. तुमच्यामुळे गेला. हे साधं लाकूड तेव्हाही इथेच होतं. तुम्ही देखणं घेतलंत." तिचा आवाज आता फाटला. "मी हॉस्पिटलात पडल्या पडल्या वाट बघत होते की तुम्ही याल आणि एकदा म्हणाल. तुम्ही यायचात आणि खिडकी कळते का विचारायचात. रोज. मी रोज हो म्हणायचे, कारण नाही म्हटलं असतं तर तुमचंच काही बरंवाईट झालं असतं. मला राग आहे. अजून आहे. कधी जाईल मला माहीत नाही."

दादा खाली बसला, तिथेच, छिलक्यांच्या ढिगावर. आणि मग रडला. डोळ्याचं ते झालं तेव्हाही रडला नव्हता, इतके दिवस आम्ही त्याला रडू दिलं नव्हतं. वहिनी त्याच्याजवळ गेली नाही. तिनं डबा खाली ठेवला आणि दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली, पण निघूनही गेली नाही. मी माझ्या जागेवर होते. माझ्या मनात एकच होतं, की एवढे महिने आम्ही त्याला नाही-नाही म्हणत होतो आणि त्याला कुणीतरी हो म्हणायला हवं होतं. आणि तेही आम्ही म्हणून भागलं नसतं.

दादा बाहीनं तोंड पुसायला गेला तर बाहीला भुसा. त्याला शिंकांवर शिंका आल्या. कुणी हसलं नाही, पण भिंगरीच्या नाकपुड्या हलल्या ते मी बघितलं.

"धनुष्य मला तुमच्याच हातचं हवंय," ती म्हणाली. "माझ्या हाताचं."

दादा उठला. त्यानं तिच्याकडून धनुष्य घेतलं, दोरी उतरवली, बोल्ट सोडवून पाती बाजूला ठेवली. उजव्या हाताचा तो रायझर त्यानं पोत्यात टाकला नाही आणि मोडलाही नाही. खुर्चीच्या कागदी नकाशावर वजन म्हणून ठेवून दिला. मग उरलेली फळी भिंतीपासून ओढून काढली, तिच्या कडेच्या रेषा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बोटानं बघत गेला.

"पुरेल?" मी विचारलं.

"पुरवायची." त्यानं फर्मा घेऊन उलटा केला. त्याचं "वर" आता खाली गेलं होतं. त्यानं पेन्सिल घेतली आणि कोऱ्या बाजूवर पुन्हा "वर" लिहिलं.

"आज थरच कापून होतील," तो म्हणाला. "गोंद उद्या. पण मुठीचं माप आत्ताच घेऊन ठेवू."

मुठीचं माप घ्यायची त्याची एक पद्धत आहे. मळलेल्या मातीचा लांबट गोळा करायचा, तो धरणाऱ्याच्या हातात द्यायचा, बोटं जिथे रुततात तिथे लाकूड उतरवायचं. त्यानं फडताळातली कोरडी माती पाण्याचा हात लावून मळली. वहिनी दारातून आत आली आणि बाकावरचे खिळे एका बाजूला सारून जागा करून दिली.

"हात दे," दादा म्हणाला.

भिंगरीनं हात पुढे केला. पहिल्या रायझरच्या वेळी याच बाकाशी उभी राहून तिनं जो दिला होता तोच, डावा. एवढे दिवस मैदानावर सगळं उलटं शिकून झालं होतं तरी. हात पुढे गेल्यावर तिच्या लक्षात आलं आणि तिचा चेहरा एकदम एवढासा झाला.

दादानं तो हात धरला नाही.

"उजवा," तो म्हणाला. "उजवा दे, बाळा."

तिनं उजवा दिला. दादानं त्यात मातीचा गोळा ठेवला आणि तिची बोटं एकेक करून त्याच्याभोवती मिटली.